शनिवारची कॅसेट

‘येथे बोलू नये’ ही पाटी मी स्वतः रंगवली होती. तिच्याच खाली तो बसला होता आणि बोलत होता.

दोन हजार एक साल. आमच्या जव्हारच्या शाळेचं ग्रंथालय मी सांभाळायचे; त्याला दहा वॉकमन आणि पुण्याहून भरून आलेल्या गोष्टींच्या कॅसेट मिळाल्या होत्या. मुली हौसेनं हेडफोन लावायच्या आणि पाच मिनिटांत काढून ठेवायच्या. मला वाटायचं, यांना गोडीच नाही. त्या दुपारी सातवीतल्या नवशीचा भाऊ तिला वसतिगृहावर भेटायला आला, पावसाची सर आली म्हणून आत शिरला, आणि एका कानाला हेडफोन धरून चार पोरींना तीच गोष्ट त्यांच्या बोलीत सांगू लागला. पोरी खिदळत होत्या.

“इथे बोलायचं नसतं,” मी म्हटलं.

“तुमची पुण्याची बाई कवाची बोलतेय, तिला नाय सांगत?” तो म्हणाला. “लई भरभर बोलते. पोरींना गावतच नाय.”

“मग तुम्ही भरा.”

विषय तोडण्यासाठी मी तसं म्हटलं होतं. पण तो, पोशेऱ्याच्या वस्तीशाळेवरचा शिक्षक कमलेश, पुढच्या शनिवारी खरंच आला. मग दर शनिवारी. मधे शाळेचा टेपरेकॉर्डर, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. गोष्ट भरून झाली की मी फूटपट्टीच्या टोकानं कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची जिभळी मोडायची. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही.

“बाई, मोडताना तुम्हाला काहीच नाय वाटत?”

“नियम आहे.”

“आणि नियम नसता तर...?”

“तर फूटपट्टी वाचली असती.”

तो हसला. मी कपाट आवरायला उठले. कपाट आवरलेलंच होतं.

मला तो आवडत होता. हे मला भादव्यापासून ठाऊक होतं, पण सांगायची घाई नव्हती. शनिवार काही कुठे पळून जात नव्हते.

दिवाळीनंतर त्याला तलासरीच्या शाळेवर नेमणुकीची ऑर्डर आली. सोमवारी हजर व्हायचं. शुक्रवारी नवशीनं एक कॅसेट आणून दिली.

“दादानं घरी भरली. मोडू नका, आधी ऐका म्हणाला.” मग तिनं खाली बघितलं. “बाई, मी ऐकली. खेकड्याची गोष्ट सरते, मंग... तुमचं नाव येते.”

तिला रागवायलाही मला जमलं नाही. मी हेडफोन लावला. खेकडा बिळात गेला, मागे कुठेतरी कोंबडा आरवला, आणि कमलेश म्हणाला, “प्रतिभाबाई, समोर बोलाया गेलो तर तुम्ही पाटी दाखवाल. तुमच्या घरी माणसं धाडू का? नको असेल तर ही पुसा, दुसरी गोष्ट भरा. मी काय विचारणार नाय.”

मी ती तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा नुसता शेवट.

शनिवारी तो आला, पण बसला नाही. कॅसेट टेबलावर होती, जिभळी शाबूत, म्हणजे अजून पुसता येण्यासारखी. त्यानं ती बघितली आणि पिशवी खांद्याला लावली.

“बरं... येतो मग.”

मला ती त्याच्यासमोर मोडायची होती, एवढंच. मी फूटपट्टी घेतली. पहिल्यांदा नेम चुकला. दुसऱ्यांदा टक् झालं.

“आता... ही पोरींना कशी देणार?” पिशवी खाली ठेवत त्यानं विचारलं.

“नाही देणार. ही ग्रंथालयाची नाही, माझी आहे,” मी म्हटलं. “माणसं उद्याच धाडा. रविवारी बाबा घरी असतात.”

दाराबाहेर नवशी खिदळली. मी तिला गप्प बस म्हटलं नाही.