टॉवेलातला रंधा

"याला काय झालंय?" शेजारच्या सीटवरच्या माणसाने विचारलं.

मी बसमध्ये होते. मांडीवर जुन्या निळ्या टॉवेलात गुंडाळलेला विजेचा रंधा होता आणि वळणावर घरंगळू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी कवटाळला होता. त्याला ते आजारी मांजर वाटलं असावं. मी टॉवेलाचं टोक उचलून दाखवलं, तर हा हसला नाही. उलट वाकून निरखत म्हणाला, "सुरू करतानाच बंद पडतो, की चालता चालता?"

असा प्रश्न विचारणारा माणूस मला जन्मात भेटला नव्हता. मग काय, मी सगळं सांगितलं. मी घरामागच्या खोलीत स्टुलं, खुर्च्या बनवते. सकाळी रंध्याचं बटण दाबलं की बोर्डावरचा खटका पडतो, घरभर वीज जाते आणि स्वयंपाकघरात आईचा रेडिओ मुका होतो. योगायोग बघा, मी निघाले होते ती त्याच्याच दुकानात. हत्यारं दुरुस्त करायचं दुकान. खिशात कायम वीज तपासायचा मीटर, म्हणून सगळे त्याला मीटरवाला म्हणत.

दुकान कसलं, बोळच तो. बसायला एकच खुर्ची, तीही त्याची. मी उभीच राहिले. त्याने रंधा लावला... आणि घरी थैमान घालणारा रंधा तिथे सुतासारखा सरळ चालला. दुसऱ्या सकाळी घरी पुन्हा खट्. दुपारी रंधा घेऊन पुन्हा दुकानात, तर पुन्हा ठणठणीत. डॉक्टरसमोर खोकला पळतो ना, तसं.

तिसऱ्या खेपेला त्याने माझ्याकडे पाहून स्वतःच्या कानाजवळ बोट नेलं. माझ्या केसांत लाकडाची ढलपी अडकली होती. मी ती काढली. तो गालात हसत म्हणाला, "मशीनला काही झालेलं नाही. यायचं असेल तर नुसतंच या की. एवढं वजन कशाला उचलता?"

माझे कान तापले. तो मला आवडला होता, अगदी बसमध्येच, पहिल्या प्रश्नालाच. म्हणून तर जास्त झोंबलं. खोटी सबब काढून येणारी मुलगी मी नव्हे.

"उद्या सकाळी घरी या," मी म्हणाले. "खटका पडला तर मी खरी. नाही पडला, तर पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही."

जिभेला हाड नसतं, दुसरं काय. घरी येईपर्यंत मला घाम फुटला होता. उगाच कुणाचा हात लागायला नको म्हणून रंधा मी माझ्या पलंगाखाली ठेवला.

सकाळी तो आला. मी नुसती बघत राहिले... कामात माणूस किती वेगळा दिसतो. आधी त्याने आपलं ड्रिल त्याच सॉकेटमध्ये लावून पाहिलं. चाललं. मग वायर बदलली, मग सॉकेट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणाला, दोन बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

मग रंधा लावला. चालला.

पुन्हा लावला. पुन्हा चालला, मेला. फळीवरून ढलप्या उडत होत्या आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. गंमत म्हणजे तोही हसत नव्हता. त्याने प्लग काढला आणि वायर गुंडाळायला लागला, फार सावकाश. मला शब्द मागे घ्यायचे होते.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"अगंबाई, पाहुण्यासमोर हे असं धुळीनं माखलेलं?" तिने कप टेकवले, खांद्यावरचं ओलं फडकं काढलं आणि रंधा खसाखसा पुसला. फटींतूनही बोट घालून फडकं फिरवलं. "रोज सकाळी पुसते मी. आज जागेवरच नव्हता."

वायर गुंडाळणारे हात थांबले.

"काकू... रोज?"

"रोज म्हणजे रोज. हिला कुठली आलीय सवय?"

त्याने आम्हा दोघींना मागे उभं केलं, प्लग लावला, बटण दाबलं. खट्! पंखा थांबला, रेडिओ मुका झाला, आणि मी चक्क टाळी वाजवली. वीज गेली म्हणून टाळी वाजवणारी मुलगी आईने पहिल्यांदाच पाहिली असेल.

प्लग काढून त्याने मग समजावलं. फडक्याचं पाणी फटींतून आतल्या भुश्यात मुरतं. ओल्या भुश्यातून वीज गळते, आणि खटका ती गळती ओळखून पडतो. तो पडला नसता तर आमच्यापैकी कुणाला तरी झटका बसला असता. मग दुकानात कसा चालतो, मी विचारलं. त्याने निळ्या टॉवेलाकडे बोट दाखवलं. सकाळचा ओला रंधा मी दुपारी, कोरड्या टॉवेलात, उन्हातून नेत होते. पोचेपर्यंत तो वाळत होता.

"म्हणजे मायलेकींनी मिळून मला वेड लावलंत," तो म्हणाला.

आई जीभ चावत खटका वर करायला गेली. खोलीत अर्धवट उजेड आणि लाकडाचा वास.

"तुम्ही खरं बोलत होतात," तो हळूच म्हणाला. "मी उगाच थट्टा केली. चुकलं माझं."

"मग तोंड का पाडलंय?"

"कारण सापडलं ना... आता रंधा काही दुकानात यायचा नाही."

"रंधा नाही यायचा," मी म्हणाले, आणि पुढचं बोलणार तोच रेडिओ गायला लागला, पंखा फिरला, आई परत आली. पुढचं पोटातच राहिलं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा बस पकडली. मांडीवर तोच निळा टॉवेल. दुकानाची पायरी चढले. त्याने मान वर केली, टॉवेल पाहिला आणि त्याचा चेहराच उजळला.

"याला काय झालंय?"

"याला काही नाही झालेलं. जे काय झालंय ते मला." मी टॉवेल सोडला. आत एक बुटकं स्टूल होतं, त्याच रंध्याने गुळगुळीत केलेलं. "नुसतं या म्हणाला होतात. आले. पण इथं बसायला काही नव्हतं."

उठून त्याने स्टूल आपल्या खुर्चीशेजारी नीट मांडलं, ते डुगडुगतंय का ते हाताने दाबून पाहिलं. डुगडुगत नव्हतं. मग माझ्या केसांकडे बघितलं. या खेपेला बोट स्वतःच्या कानाकडे गेलं नाही. त्याने हात पुढे करून ढलपी अलगद काढली आणि मीटर असायचा त्या खिशात ठेवली.

"बस ना," तो म्हणाला. "तुझीच जागा आहे."