कोरडी गिळलेली गोळी

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या मेडिकलात नवनवी डोकी दुखायला लागली. नव्या कलेक्टर कचेरीत बदलून आलेल्या कारकुनांची! त्यातलं एक डोकं जरा जास्तच देखणं होतं... देगलूरच्या सिद्धेश्वरचं. कचेरी सुटली की स्वारी आमच्या काउंटरवर हजर.

"डोकेदुखीच्या दोन गोळ्या द्या."

"रोजच दुखतंय?"

"तुमचं दुकान जवळ आलं की जास्तच," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

फार्मसीचा डिप्लोमा घेऊन मी नुकतीच वडिलांच्या, अप्पांच्या, मदतीला बसू लागले होते. गिऱ्हाइकाशी हसायचं नाही, असं ठरवलं होतं. पण मेलं हसू आवरतंय थोडंच!

एके दिवशी मात्र बोलताना त्याचा हात छातीशी गेला.

"जळजळतंय?" मी विचारलं.

"थोडं... गोळी अडकल्यावानी होतंय."

"पाण्यासंगं घेता ना?"

तो हळूच म्हणाला, "पाणी कुठलं? टँकर चार दिवसाला येतो. घरमालकीण केवळाबाई तांब्याभर देती. म्हातारी हाय, आणखी मागू वाटत न्हाई. गोळी कोरडीच गिळतो."

"उपाशीपोटी?"

"हाव."

मला राग आला, आणि त्याहून जास्त माया आली. काढलेल्या गोळ्या मी परत बरणीत टाकल्या.

"मिळणार न्हाईत. डोकं तुमचं पाण्यावाचून दुखून राहिलंय, अन् कोरडी गोळी आतून भाजती. येळेवर जेवा. लिंबू, मीठ, साखर घालून पाणी प्या. आठ दिवसांत बरं वाटलं न्हाई तर डॉक्टर गाठायचा."

"दुकानात बसून गिऱ्हाईक परतवता?"

"तुम्हाला परतवते," म्हणत मी आमच्या माठातलं पाणी पुढे केलं.

तो प्याला... तांब्याच्या काठावरून माझ्याकडे बघत. मग म्हणाला, "म्हणजे आता इथं यायला कारण उरलं न्हाई."

आणि गेला.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! मी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस... तो आला नाही. कचेरी सुटायच्या वेळेला माझे डोळे रस्त्यावर. त्याचं डोकं पुन्हा दुखू दे, असंही एकदा मनात आलं. शिव शिव! लगेच स्वतःला रागावले. पण त्याच्यावाचून करमत नव्हतं, हे खरं होतं.

नवव्या दिवशी तो आला. इस्त्रीचा शर्ट, चापूनचोपून भांग. अप्पा मागे खुर्चीत पेपर वाचत होते.

"डोकं?"

"थांबलं."

"छाती?"

"तीबी बरी हाय."

"मग... काय देऊ?"

"कायबी न्हाई. दुखणं घेऊन आलो असतो, तर तुम्ही पेशंट म्हणून बोलला असता. म्हणलं, बरं होऊनच जायचं."

अप्पांनी पेपर खाली घेतला. "काय पायजे म्हणतेत ते, रुद्राणी?"

सिद्धेश्वरनं हात जोडून त्यांना आम्हा लिंगायतांचा नमस्कार घातला. "शरणार्थी, अप्पा. रविवारी आई-वडील देगलूरहून येणार हायेत. तुमच्या घरी घेऊन येऊ का?"

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "काय गं, येऊ देऊ?"

"येऊ द्या की!" मी इतक्या घाईनं म्हणाले, की लाजायचंसुद्धा राहून गेलं.