लुदविकची खुर्ची

"बोहुश, घरी जा आणि लुदविकचं हेलिकॉन घेऊन ये," कुबिककाका म्हणाले. "बँडमध्ये त्याची खुर्ची रिकामी ठेवलीय. तो नाही, निदान वाद्य तरी असू दे. आणि वाटेत फुंकू नकोस बरं का! तू फुंकलंस की गावातल्या गायी आटतात."

हे लुदविकच म्हणायचा. दोघंचौघं हसले आणि एकदम आपापल्या कपातल्या कॉफीकडे बघायला लागले.

बोहुश कोट न घालताच निघाला. लुदविकचं दफन आटोपून सगळं गाव लॉजच्या, म्हणजे गावच्या मंडळाच्या, हॉलमध्ये जेवायला जमलं होतं. त्याच्यापुढेही कुणीतरी कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव, ठेवले होते, पण त्यानं ते तसेच सोडले होते. सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं. भर दुपार असूनही उजेड राखेसारखा होता.

स्टेशनजवळच्या कोठारात मक्याचा थर साचून घट्ट झाला होता. तो फोडायला लुदविक आत उतरला, आणि खालून सरकणाऱ्या मक्यानं त्याला ओढून घेतलं. आईबाप नव्हतेच. दोघं भाऊ त्या घरात राहायचे. आता एकच.

घरात आरसा काळ्या कापडानं झाकलेला होता. मधोमध दोन खुर्च्या पाय वर करून पडल्या होत्या. सकाळपर्यंत त्यांच्यावरच शवपेटी ठेवलेली होती. सकाळी माणसांनी पेटी उचलली, त्याच क्षणी अपोलेना मावशीनं दोन्ही खुर्च्या ढकलून पाडल्या. बोहेमियातून इकडे येऊन स्थायिक झालेल्या आजीची शिकवण. खुर्ची उभी राहिली, तर गेलेला माणूस परत येऊन बसतो.

"मग बसू दे की!" बोहुश सगळ्यांसमोर ओरडला होता.

"एकटा बसत नाही रे, पोरा," मावशी हळूच म्हणाली होती. "मग तो दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाही."

आता घरात कुणी नव्हतं. त्यातल्या एका खुर्चीच्या पायाला तार गुंडाळलेली होती. लुदविकनंच ती दुरुस्त केली होती, आणि जेवायला तो तिच्यावरच बसायचा. तशी ती पालथी पडलेली बोहुशला बघवेना. त्यानं ती उचलून सरळ केली.

"बस," तो म्हणाला. "दमला असशील."

काहीच झालं नाही. त्यानं खुंटीवरचं हेलिकॉन काढलं, त्या पितळी वेटोळ्यात डोकं घालून ते खांद्यावर घेतलं. तेवढ्यात वास आला. सुक्या मक्याच्या धुळीचा. कोठारावरून आल्यावर लुदविकच्या सदऱ्याला यायचा, तोच.

मागे खुर्ची करकरली.

बोहुशला रडू फुटलं, आणि त्या रडण्यात आनंदही होता. "लुदा?"

फक्त एक सळसळ सुरू झाली. दाणे एकावर एक घसरावेत तशी, न थांबणारी. त्याच्या घोट्यांना गार, जड असं काहीतरी लागलं. खाली पाहिलं तर नुसती जमीन.

त्यानं दाराची मूठ धरून आत ओढली. दार तसूभर हललं नाही. ते जडपण गुडघ्यांपर्यंत आलं… मग कमरेपर्यंत. त्यानं पाय उपसून पाहिला, तर आणखी रुतला. हाका मारायला श्वास सोडला, आणि सोडलेल्या श्वासाची जागा त्या जडपणानं भरून काढली. पुढचा श्वास अर्धाच घेता आला.

असंच झालं असेल का त्याला… अगदी असंच?

खुर्ची हाताच्या अंतरावर होती. एक धक्का दिला की सुटका होती. त्यानं हात लांब केला. बोटं खुर्चीच्या पाठीला टेकली. लाकूड कोमट होतं, नुकतंच कुणी टेकून बसल्यासारखं.

"नाही जमणार रे मला… तुला ढकलायला," तो कसाबसा म्हणाला. "लुदा… इथे काय बसतोस एकटा? सगळे तिकडे आहेत. तुझी खुर्ची ठेवलीय त्यांनी… चल ना माझ्याबरोबर…"

सळसळ थांबली. दार आपोआप किलकिलं झालं.

वाटेत त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही. हेलिकॉन मात्र दर पावलाला जड होत गेलं. हॉलमध्ये पोचून त्यानं ते ढोल आणि क्लॅरिनेट यांच्या मधल्या खुर्चीवर ठेवलं.

"भरून आणलंस की काय रे?" कुबिककाकांनी ते जरा कलतं केलं. कर्ण्यातून चार-पाच पिवळे दाणे टपटप खाली पडले. काकांनी त्या दाण्यांकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईनं बँडला खूण केली.

वॉल्ट्झ सुरू झाला. खालून भरणारा तो खर्ज बोहुशच्या ओळखीचा होता. हेलिकॉनला कुणी हातही लावला नव्हता. त्यानं डोळे मिटले.

"मी निघते गं, गायी खोळंबल्यात," अपोलेना मावशीचा आवाज आला. मग दाराची खडखड. "अगं बाई! कडी कुणी घातली?"

"जोर लावा, मावशी! कोलाचे कमी खाल्ले का?" ढोलवाला ओरडला.

"तू ये आणि लाव. नुसता ढोल बडवतोस."

तो हसत गेला. त्यानं दार ओढलं, मग दोन्ही हातांनी ओढलं. त्याचं हसू मावळलं. टेबलाखालून एक लहान मुलगी म्हणाली, "आई, माझा पाय निघत नाहीये."

वाजणं एकेक करून थांबलं. खर्ज तेवढा राहिला.

मावशी सावकाश वळली. तिनं बँडमधली ती खुर्ची पाहिली, मग बोहुशकडे पाहिलं. "पोरा… तू घरी त्या खुर्च्यांना हात लावलास का?"

खुर्ची चार पावलांवर होती. आता ढकलायला हवी होती. आता तो ढकलणारच होता. त्यानं पाय उचलायला जोर लावला.

हेलिकॉनच्या कर्ण्यातून दाणे पडत होते, आणि आता त्यांची धार लागली होती.