नाक आणि लोखंडी गोळा

निरीक्षण
(आधी हेच, कारण आधी हेच घडलं.)
रंगाऱ्याच्या नाकाला गोळा लागला.

साहित्य
छताला दोरीने टांगलेला लोखंडी गोळा. विज्ञान केंद्रात पोरांना प्रयोग दाखवणारी मी. आणि भिंती रंगवायला आलेला तो, शिडीवरून उतरून पोरांच्या मागे उभा.

कृती
गोळा नाकाला टेकवायचा, अलगद सोडायचा, हलायचं नाही. तो समोर जातो, परत येतो... पण नाकाला लागत नाही. सोडला त्याहून वर चढायला त्याच्याकडे ऊर्जाच नसते.
कोण येतं, मी विचारलं. पोरं एकमेकांमागे लपली. रंगारी पुढे आला.

चूक
सोडताना तो गोळ्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता — आणि बोटांनी हलकेच ढकलला. ढकललं की कार्य झालं. ती जास्तीची ऊर्जा गोळ्याने इमानदारीने नाकावर आणून दिली.
माझा मामा केंद्राची देखभाल बघतो. तो बर्फ घेऊन धावला. हिच्या नादी लागाल तर नाक मुठीत धरूनच घरी जाल, म्हणाला.

पुन्हा निरीक्षण
नाक बरं झालं. पण माझ्या प्रयोगांच्या खोलीची भिंत काही संपेना. हा भिंत रंगवतोय की गोंजारतोय, मामाचा प्रश्न.
एकदा त्याने विचारलं, दिवसभर भिंत ढकलत उभा राहिलो तर?
"हलली नाही तर कार्य शून्य."
"आणि घाम?"
"घाम तुमचा तुम्ही बघा."
हसलो दोघंही. आणि एके संध्याकाळी भिंत संपली. सकाळी तो दुसऱ्या गावच्या कामावर जाणार होता.

कृती, शेवटची
तो शिडी मिटत होता. मी गोळा माझ्या नाकाला टेकवला आणि सोडला.
आला... नाकाच्या जरा आधीच माघारी वळला. पुन्हा आला, आणखी आधी वळला.
"कमी कमी येतोय," तो म्हणाला.
"थोडी ऊर्जा हवेत जाते. कुणी हात लावला नाही, तर थांबेल."
शिडी जमिनीला टेकली. तो गोळ्यापाशी आला.
"तिथून इथे यायला संध्याकाळची बस आहे," तो म्हणाला. "रोज येईन."
"गोळा ढकलायला?"
"नाही... तुमच्यासाठी."
बोलता बोलता त्याने खरंच ढकलला. चांगला जोरात.
"सरका —"
कुणी गोळा ढकलला तर मागे सरायचं असतं, हे मी रोज पोरांना सांगते. सरले नाही.
त्याने धावत येऊन दोन्ही हातांनी गोळा पकडला, अगदी माझ्या नाकाशी. अलीकडे मी, पलीकडे तो. त्याचा श्वास, ओल्या रंगाचा वास...
"लागला असता ना," तो कुजबुजला.
"माहीत होतं. तुम्ही धराल, हेही माहीत होतं."

अनुमान
दारातून मामाने विचारलं, झालं का रंगवून?
मी भिंतीकडे पाहिलं. लख्ख, गुळगुळीत, कुठे डाग नाही.
"नाही मामा," मी म्हटलं. "अजून एक हात द्यावा लागेल."