वल्लरीचा उंदीर

मोबाइल खिशात घाला गड्यांनो, मग सांगतो. माझ्या बहिणीचा पोरगा जयराज तुमाला ठावं हाय. त्येच्यासंगं घडल्यालं हाय ह्ये. त्यानं मला सोताच्या तोंडानं सांगितलं.

सांगलीजवळच्या एका संशोधन केंद्रात हुता त्यो. जित्या उंदराला गुंगी द्यायची, अंगात रंग टोचायचा आन सूक्ष्मदर्शकाखाली निळा उजेड पाडायचा. मग पडद्यावर रगताच्या शिरा हिरव्यागार चमकत्यात, मधनं रगतातल्या पेशींचं काळं ठिपकं पळत्यात. संगं वाईची वल्लरी हुती. उंदराच्या पाठीवरच्या जखमेत नव्या शिरा कशा फुटत्यात, ते ती रोज टिपायची. चौदा दिवस एकच उंदीर जगवायचा. जगला, की जर्मनीला संशोधनाला जायची एकुलती एक जागा तिची. जयराजचं उंदीर चौथ्या दिवशीच मरायचं. लय जळायचा पोरगा. केंद्राच्या सरांनी तिचं कौतुक केलं, की त्येला जेवान जायचं न्हाई.

गेल्या साली सोळा डिसेंबर, सोमवार. तेरावा दिवस. वल्लरीच्या आईचं दुखनं बळावलं. "जयराज, आजचं चित्रण तू करशील ना? दुसऱ्या कुणावर सोडवत नाही रे," म्हनली, आन वाईच्या एसटीत बसली.

रात्री अकराला यानं उंदराला गुंगी दिली, रंग टोचला. गुंगीत उंदीर गार पडतो, म्हनून त्येच्याखाली ऊब देनारी गादी असती. यानं गादीचं बटन बंद केलं. बास, एवढंच. आन बघत बसला.

ठिपकं हळू झालं. अडखळलं. अकरा चाळीसला थांबलं...

उंदीर कागदात गुंडाळून फ्रीजरात टाकला. हात धुतलं. माघारी वळला.

पडद्यावर हिरव्या शिरा...

भिंगाखाली काय न्हाई. ठिपकं पळतायत. पडद्याचं बटन बंद केलं... तरीबी. तार उपसली... तरीबी.

"वल्लरी?"

त्यानं दाराकडं बघून हाक मारली. दार बंदच हुतं...

गाडी काढून पहाटं चारला माझ्या दारात आला. म्हनला, "मामा, मी मारलं त्येला."

दुपारी वल्लरी केंद्रात परतली आन तिचा फोन आला. ह्यो कबूल करनार, तवर तीच म्हनली, "उंदीर गेला, असू दे रे. पण काय चित्रण केलंयस! इतक्या स्पष्ट शिरा मी कधी बघितल्या नव्हत्या. सरांनी जागा माझी ठरवली. तुझंही नाव घालते."

ती गेली जर्मनीला. त्येला आजूनबी सोसत न्हाई, आन खरं सांगायची छाती न्हाई.

ती फिल्म मी बघितलीय. कोपऱ्यात वेळ हाय. पैला ठिपका पळतोय अकरा एकेचाळीसला... शेवटचा पहाटं चारला.