न्हाई म्हणा, मॅडम

नांदेडच्या बसस्टँडबाहेर रिक्षात एकच जागा उरली होती, आणि ती धरायला दोघं एकाच वेळी धावले.

ऑगस्टची भुरभुर चालू होती. वर्षाराणीने एका हाताने लॅपटॉपची बॅग छातीशी धरली होती, दुसऱ्या हाताने रिक्षाचा दांडा. पलीकडून एका उंच, अर्ध्या भिजलेल्या माणसाने तोच दांडा धरला... आणि तिच्याकडे पाहून लगेच सोडला.

“बसा तुम्ही. मी डायवरजवळ बसतो.”

“ड्रायव्हरजवळ बसायला कायद्याने बंदी आहे.”

“कायद्यानं नांदेडची रिक्षा बघितली न्हाई अजून,” तो म्हणाला आणि पुढे जाऊन बसलासुद्धा.

रिक्षा निघाली, बाजारातल्या ओल्या हळदीचा वास मागे पडला आणि बोलता बोलता कळलं, की दोघंही एकाच कॉलेजात चाललेत. शिक्षकांसाठी आणि ग्रंथपालांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. वर्गात आणि वाचनालयात वापरता येतील अशी नवी ऑनलाइन साधनं शिकवणार होते.

“दोन दिवस पाण्यात,” तो मागे वळून म्हणाला. “निलंग्याच्या कुणी मॅडम हायत म्हणं. सलग दोन तास बोलणार हायत.”

“मग तुम्ही काय करणार?”

“झोप. मागच्या बाकावर.”

“खांबाआड बसा,” वर्षाराणी अगदी गंभीरपणे म्हणाली. “तिथला माणूस स्टेजवरून दिसत नाही.”

“तुम्हाला बरंच म्हाइत दिसतंय.”

“हो ना. मागच्या वर्षीही मीच बोलले होते.”

उरलेल्या वाटेत त्या माणसाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मागून दिसत होते ते फक्त त्याचे कान. लालेलाल.

वर्षाराणी शेटकार. वय सत्तावीस. निलंग्याच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. तिच्या वडिलांचं, अमरनाथअप्पांचं, बाजारात भुसाराचं दुकान होतं, आणि पोरगी दुकानात बसायचं सोडून पुस्तकांत बसते याचं त्यांना कौतुकही होतं, काळजीही. वाचनालयातली नऊ हजार पुस्तकं तिने दोन वर्षांत एकटीने ऑनलाइन यादीत चढवली होती. प्रत्येक पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवला होता. मोबाइल धरला, की पुस्तकाची माहिती समोर. हे काम सोपं नव्हतं हे तिला ठाऊक होतं, आणि ते सांगताना ती उगाच लाजतही नसे.

त्या दिवशीही ती छान बोलली. टाळ्या पडल्या. “काही शंका?” असं तिने विचारलं तेव्हा खांबाआडून एक हात वर झाला.

“मी सुदर्शन पवळे. कंधारजवळच्या वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा हाय, तिथं शिकवतो.” कान अजून जरासे लालच होते, पण आवाज ठाम होता. “मॅडम, कोड धरला की माहिती दिसती, हे झ्याक हाय. पण माज्या वर्गातल्या निम्म्या पोरांना अजून धड वाचता येत न्हाई. ती माहिती वाचणार कशी? त्या कोडातून... आवाज येईल का?”

सभागृहात कुणीतरी हसलं. वर्षाराणी हसली नाही. दोन वर्षांत तिला हा प्रश्न पडला नव्हता. कसा पडला नाही?

“माहीत नाही,” ती म्हणाली. “दुपारी बघू. तुम्ही झोपणार नसाल तर.”

दुपारी दोघं एका लॅपटॉपसमोर बसले. एक साईट उघडली, ती पैसे मागत होती. दुसरी इंग्रजीतच बोलत होती. तिसरीवर आवाज चढला, पण लिंक दुसऱ्याच कुठल्या पानावर जात होती. सुदर्शन चुकीचं बटण दाबायचा, ती त्याचा हात बाजूला सारायची, तो “सॉरी” म्हणायचा आणि पुन्हा तेच बटण दाबायचा. पाच वाजता त्याने मोबाइलमध्ये एक वाक्य बोलून नोंदवलं, तिने त्याचा कोड तयार केला आणि आपला मोबाइल त्यावर धरला.

“निलंग्याच्या मॅडम दोन तास बोलल्या,” सुदर्शनचा आवाज आला, “अन् मला झोप आली न्हाई.”

बाहेर पाऊस वाढला होता. तिला वाटलं, अजून थोडा वाढावा.

ठरलं असं, की वर्षाराणीने पुस्तकं पाठवायची आणि वाडीवरच्या पोरांनी ती वाचून, समजून आपल्या आवाजात सांगून थेट साईटवर चढवायची. मग तिने त्याचे कोड करून निलंग्यातल्या प्रतींवर चिकटवायचे आणि वाडीवरही पाठवायचे. पुस्तकांची पेटी एसटीच्या पार्सलने गेली. प्रशिक्षणात सगळ्यांसाठी एक ऑनलाइन फळा केला होता, त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवता यायच्या. कामाचं बोलणं तिथेच व्हायचं.

“पेटी मिळाली,” सुदर्शनने पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं. “पोरांनी आधी पुस्तकांचा वास घेतला.”

“वास घेतल्याची नोंद कुठल्या रकान्यात करू?”

“ते तुम्ही बघा. पेटीत तुमच्या हातची चिठ्ठी असंल म्हणून तळापर्यंत शोधलं. नव्हती.”

“चिठ्ठीसाठी वेगळा अर्ज भरावा लागतो.”

“अर्ज कुठं मिळंल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली एक गुलाबी चिठ्ठी दिसली. लातूरच्या मंजुश्री मॅडमची. “सर, अर्ज इथंच भरा. आम्ही अडतीस जण रोज वाचायलोय. पुढं काय झालं?”

वर्षाराणीने लॅपटॉप फाडकन मिटला. पाच मिनिटांनी फोन वाजला.

“त्यो फळा सगळ्यांना दिसतो हे तुम्ही सांगितलं नव्हतं,” सुदर्शनचा आवाज पडला होता.

“पहिल्याच तासाला सांगितलं होतं. तुमचं लक्ष कुठं होतं?”

पलीकडून हळूच उत्तर आलं, “स्टेजकडंच होतं की.”

त्या दिवसापासून फळा ओस पडला आणि फोन सुरू झाले. पुस्तकांपासून सुरू व्हायचे, मग पोरं, मग त्याची आई लक्ष्मीबाई आणि तिची तूर, मग अप्पांचे टोमणे, मग काहीच नाही... नुसतं “ऐकताय ना?” आणि “हाव, ऐकतोय की.” दिवाळीपर्यंत ‘मॅडम’ची ‘वर्षाराणी’ झाली होती.

डिसेंबरात लातूरला पुस्तकांचा मोठा मेळावा भरणार होता. तिथे वर्षाराणीला ही बोलकी पुस्तकं मांडायला बोलावलं होतं. आदल्या दिवशी तिने सगळे आवाज पुन्हा एकदा ऐकले. चौथीतल्या आरतीची गोष्ट आली आणि ती थबकली. आरती अडखळत होती. ‘लई’, ‘न्हाई’, ‘हाय’ करत होती. मध्येच शेळी ओरडत होती. समोर मोठमोठी माणसं येणार, प्राध्यापक येणार... वर्षाराणीने जास्त विचार केला नाही. आरतीचा आवाज काढून टाकला, तीच गोष्ट स्वतः स्वच्छ, शुद्ध मराठीत वाचली आणि त्याच कोडाला जोडली.

मेळाव्यात वाहवा झाली. तिने आनंदाने फोटो पाठवले. सुदर्शनचं उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला.

“आरतीनं आज आईला शाळेत आणलं होतं, मॅडम.”

मॅडम. दिवाळीपासून हा शब्द त्याने वापरला नव्हता.

“शेतातलं काम सोडून आली होती ती बाई. लेकीचा आवाज पुस्तकातून येतो, म्हणून ऐकायला. मी कोड धरला. तर तुमचा आवाज.”

“सुदर्शन, त्यात शेळी ओरडत होती. उच्चार... लोकांनी नावं ठेवली असती.”

“कुणाला? आरतीला, का तुम्हाला?”

त्याने आवाज चढवला नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. “पोरीनं त्यानंतर पुस्तक हातात घेतलं न्हाई,” एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

तिने दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा तिने केला नाही. फोनवर माफी मागून आरतीला काय मिळणार होतं? आठवडाभर तिने एकही नवा कोड केला नाही. शुक्रवारी संध्याकाळी दुकानात जाऊन अप्पांसमोर उभी राहिली आणि काय झालं ते सगळं सांगितलं. आरतीचं सांगितलं. सुदर्शनचंही.

शनिवारी शाळा सकाळची असते. उजाडायच्या आधी निलंग्याहून निघून लातूरला गाडी बदलून, कंधारहून टमटमने ती वाडीवर पोचली तेव्हा साडेदहा होत आले होते. थंडीचं कोवळं ऊन अंगणात पडलं होतं, पोरं तिथेच बसली होती. सुदर्शनच्या हातात खडू होता. तो तसाच राहिला.

“सर, पाच मिनिटं द्याल का?” असं विचारून ती थेट पोरांसमोर गेली. “तुमच्यात आरती कोण?”

दोन वेण्यांच्या एका पोरीने मान खाली घातली. वर्षाराणी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

“आरती, मी वर्षाराणी. तुझा आवाज मी पुसला. तुला न विचारता. मला वाटलं, मला चांगलं वाचता येतं. पण तुझी गोष्ट तुझी होती. माझं चुकलं.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मोठ्या माणसाने असं काही म्हटलेलं पोरांनी ऐकलं नसावं.

“मग आता माजा आवाज कुठं हाय?” आरतीने विचारलं.

“नाही राहिला. तो परत आणायची सोयच नाही. तू पुन्हा सांगशील?”

आरतीने सरांकडे पाहिलं. सर झाडाकडे बघत होते. “सांगते. पण तुमी बी सांगायचं माज्यासंगं. माज्यावानी.”

गोष्ट होती हट्टी म्हशीची. एक वाक्य आरती सांगायची, एक वर्षाराणी.

“म्हैस काही जागची हलली नाही,” वर्षाराणी म्हणाली.

“न्हाई म्हणा, मॅडम!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

“न्... हाई.”

“असं न्हाई! न्हाई!”

चौथ्या खेपेला जमलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. सुदर्शन तोंडावर हात धरून हसत होता, आणि इतक्या दिवसांनी ते हसू पाहून वर्षाराणीला पुढचं वाक्यच आठवेना. आरतीने कोपराने ढोसलं तेव्हा गोष्ट पुढे गेली.

शाळा सुटल्यावर तो तिला फाट्यापर्यंत सोडायला निघाला. वाटेत त्याने कुणाच्या तरी शेतातून, मालकाला हाक मारून, हरभऱ्याचा डहाळा उपटून घेतला. दोघं घाटे सोलत फाट्यावरच्या दगडावर बसले.

“मी फोन उचलायला पायजे होता,” तो म्हणाला.

“उचलला असता तर मी इथवर आले नसते. बरं झालं.” तिने एक घाटा सोलून त्याच्या तळहातावर ठेवला. “मी दोन कामांसाठी आले होते. एक झालं.”

“दुसरं?”

“माझ्याशी लग्न कराल?”

घाटा त्याच्या हातून धुळीत पडला.

“हे... हे मी इचारणार होतो,” तो कसाबसा म्हणाला. “संक्रांत झाली की. पाठ बी केलं होतं.”

“मग म्हणून दाखवा.”

त्याने तोंड उघडलं. मिटलं. “इसरलो.”

ती खळखळून हसली. तोही हसला, आणि मग हळूच गंभीर झाला. “हाव. लाख वेळा हाव. पण वर्षाराणी, तुम्ही लिंगायत, आम्ही मराठे. तुमचे अप्पा...”

“काल सांगितलं त्यांना.”

“काय म्हणले?”

“हातातला तराजू खाली ठेवला. मग म्हणाले, त्या मास्तरला माझ्यासमोर येऊन बसायला सांग. ऐकीव माणसाला मी पोरगी देत नसतो.”

“म्हणजे न्हाई म्हणले?”

“नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. अप्पा माल बघितल्याशिवाय भाव बोलत नाहीत.”

लांबून एसटीचा लाल ठिपका धूळ उडवत आला. सुदर्शनने हात केला, गाडी थांबली. वर्षाराणी चढली. तिने वळून पाहिलं, तर तोही मागोमाग पायरीवर.

“कुठं चाललाव?” नकळत ती त्याच्याच बोलीत बोलून गेली.

“समोर बसायला. उद्या ऐतवार हाय.”

“असेच? बाहीला खडू लागलाय.”

“मास्तर हाय, कळू द्या त्यास्नी.” तरी त्याने बाही पुढे केली, आणि तिने ती झटकली. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

“कंधार. एक फुल, एक लेडीज हाफ,” त्याने कंडक्टरला सांगितलं आणि खिशातून फोन काढला.

“आई, जेवायला थांबू नको... न्हाई, शाळेतून परस्पर निघालो. निलंग्याला... हाव,” त्याचे कान पुन्हा लाल होऊ लागले होते, “हाव आई, तिच्याच घरी.”

फोन खिशात गेला. वर्षाराणी त्याच्याकडे बघतच राहिली.

“तिच्याच? म्हणजे आईंना ठाऊक आहे?”

“दिवाळीपासून.”

“आणि मला आज कळतंय!”

“तुमचा नंबर दुसरा होता,” तो म्हणाला. गाडीने वळण घेतलं, आणि त्या धक्क्याचं निमित्त करून तिने त्याचा हात जो धरला, तो कंधार येईपर्यंत सोडला नाही.