अडतिसावा डाव

एक्कावन्नाव्या वर्षी बुद्धिबळ शिकायला बसायचं म्हणजे जरा अतिच झालं, हे तिचं तिलाही कळत होतं. पण इलाज नव्हता. बाबांना आता काही म्हणजे काही आठवत नव्हतं, बुद्धिबळ तेवढं शाबूत राहिलं होतं. वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत ते पट मांडून बसायचे, आणि समोरचा कच्चा निघाला की पाचव्या चालीला सगळ्या सोंगट्या हाताने लोटून द्यायचे. ती दर रविवारी दुपारी जायची. ते तिला म्हणायचे, "सिस्टर, माझी गोळी झाली का?"

लहानपणी त्यांनी दादाला शिकवलं होतं, तिला नाही. दादा आता दूर देशी, त्याचे फोन वाढदिवसापुरते. तेव्हा तिने ठरवलं, आपण असं खेळायचं की बाबांनी मान वर करून बघितलंच पाहिजे, कोण ही. एकदा त्यांनी लेक म्हणून ओळखलं की झालं. तिला दुसरं काही नको होतं.

घरात बाबांचंच एक जाडजूड पुस्तक होतं. नामवंत खेळाडूंचे साठ डाव आणि चालीचालीखाली टिपा. शिकायची रीत साधी. पानावर पोस्टकार्ड ठेवायचं, पुढची चाल आपली आपण शोधायची, मग कार्ड ओळभर खाली सरकवायचं आणि आपली अक्कल कुठे गहाण पडली होती ते वाचायचं. टिपा लिहिणारा गृहस्थ भलता तिरसट. 'ज्यांना इथे शह द्यावासा वाटला, त्यांनी पुस्तक मिटून भाजी निवडावी,' असलं काहीबाही लिहायचा. तिला तो आवडला. हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत दिवसभर "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" याखेरीज ती कुणाशी बोलत नसे, आणि घरी तर भिंतीच होत्या. हा एकटाच तिला रोज चार शब्द सुनावायचा. त्याचं एक सांगणं तिने वहीत उतरवून घेतलं होतं: चाल सुचेना तर आपली कुठली सोंगटी रिकामी बसली आहे ते बघा, आणि तिला कामाला लावा.

तीन महिन्यांनी ती अडतिसाव्या डावाशी आली. बाकीच्या डावांवर खेळाडूंची नावं होती, यावर नुसतं पांढरा आणि काळा. तेविसाव्या चालीनंतर काळ्याने डाव सोडला, असं शेवटी छापलं होतं.

रविवारी तिने पांढऱ्या सोंगट्या घेऊन हाच डाव मांडला. बाबा पुस्तकातलीच उत्तरं देत गेले. त्यात नवल नव्हतं, पुस्तक त्यांचंच, पाठ असणार. पण तेविसाव्या चालीला त्यांनी डाव सोडला नाही. मान वर केली आणि म्हणाले, "तुम्ही सिस्टर नाही."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली. आनंदाने.

सोमवारी पुस्तक उघडलं तर अडतिसावा डाव सत्तावीस चालींचा होता. आपणच चुकीचं मोजलं असणार, असं म्हणून तिने आकडा वहीत टिपला. पुढच्या रविवारी सत्ताविसाव्या चालीला तिने एक उंट दिला. बाबा म्हणाले, "आमच्या घराचा जिना लाकडी होता. चौथी पायरी करकरायची." खरंच करकरायची. त्या आठवड्यात पुस्तकातला डाव एकतीस चालींचा झाला.

मंगळवारी एक पेशंट एक्स-रे खोलीत आला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "कुणी आहे का?" ती त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. गुरुवारी हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलेलं होतं. शेजारच्या काकू जिन्यात तिला घासून गेल्या आणि हूं की चूं केलं नाही. आपण तशाही कुणाच्या डोळ्यांत भरणाऱ्या नव्हतो, असं तिने मनाशी म्हटलं. जरा हसलीसुद्धा.

एकतिसाव्या चालीला हत्ती गेला. बाबांना दादाचं नाव आठवलं. तिचं नाव ओठांवर आलं, पण निसटलं.

शनिवारी दुपारी चार वाजता ती टेबलाशी बसली. डाव पस्तीस चालींवर गेला होता. तिने कार्ड सरकवलं. टीप अशी होती: 'पांढरा दर वेळी स्वतःचं काहीतरी देतो आणि काळ्याचा राजा सावरतो. पांढऱ्याने थांबायचं तर इथेच. आता बरोबरी मागितली तर दोघंही आहेत तिथे राहतील.'

कार्डाखाली अजून एक ओळ होती. ती तिने बघितली नाही.

आहेत तिथे. म्हणजे जिना आठवणार, दादा आठवणार, आणि तिचं नाव ओठांवरून निसटतच राहणार. तिला फार भीती वाटली. तरी बरोबरी मागायची नाही असं ठरवून तिने पुस्तक मिटलं.

रविवारी दारावरच्या वहीत सही करायला तिला कुणी सांगितलं नाही.

बाबांनी पट मांडून ठेवला होता. चाली भराभर झाल्या.

पस्तिसावी चाल. तिने वजीर दिला.

बाबांनी तो उचलला आणि मुठीत धरून बसले. त्यांचा चेहरा बदलला. कित्येक वर्षांत त्यांचे डोळे इतके स्वच्छ झाले नव्हते. त्यांनी मान वर केली.

"सिस्टर," ते तिच्या मागे बघत म्हणाले, "माझी लेक आली नाही का अजून?"

"बाबा," ती म्हणाली. मग मोठ्याने, "बाबा, अहो, मी इथेच आहे."

"दर रविवारी येते ती. एक्स-रे काढते. डाव्या भुवईवर व्रण आहे, माझ्याच हातून पडली होती. तिला खेळायला शिकवायचं राहूनच गेलं माझं."

सिस्टर जवळ आली. "येतील हो काका. झाला असेल उशीर. तोवर मी बसू का?"

"नको. ती तिची जागा आहे. चाल तिची आहे."

"बरं बाई, राहिलं," सिस्टर हसून म्हणाली, आणि तिने ती खुर्ची एका हाताने, सहज, पार टेबलाला टेकेपर्यंत आत सरकवली.